नकाराचा कागद जपून ठेवा

खुनाच्या जुन्या खटल्यात घरचा माणूस आत असला की त्या घराला एकामागून एक नकार पचवावे लागतात. आधी सेशन कोर्टाची शिक्षा. मग हायकोर्टात अपील फेटाळलं जातं. कुणी जमीन गहाण टाकून दिल्ली गाठतं आणि तिथूनही हात हलवत परत येतं. पुढे चौदा वर्षं भरली की मुदतपूर्व सुटकेचा प्रस्ताव जातो, तो कुठल्या तरी टेबलावर पडून राहतो आणि एके दिवशी मंत्रालयातून उत्तर येतं की इतक्यात सोडता येणार नाही. त्या दिवशी घर ठरवून टाकतं की संपलं आता. मुलाखतीला जाणं कमी होतं. कागदांची पिशवी माळ्यावर जाते.

हे लिहिणं त्या पिशवीसाठी आहे. ती खाली काढा.

नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहाबाहेर मुलाखतीसाठी आलेल्या माणसांशी बोलून बघा. धुळ्याकडून, नगरकडून, मुंबईच्या वस्त्यांमधून पहाटेची गाडी पकडून आलेल्या आया, बायका, म्हातारे बाप. निकालाची नक्कल कुठं आहे विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘वकिलाकडं.’ कोणता वकील? ‘आधीचा. आता तो बघत नाही केस.’ नकाराचं पत्र कुठं आहे? ‘आत त्याच्याकडं असंल.’ त्यात काय लिहिलंय? ‘नाही म्हणलंय.’ एवढंच घराला ठाऊक असतं. नाही कुणी म्हटलं, कशामुळे म्हटलं आणि त्या नाहीवर पुढे कुठं जाता येतं, हे त्यांना कुणी बसून सांगितलेलंच नसतं.

म्हणून आधी आपल्याच जिल्ह्यातली एक हकिगत सांगतो. ती नाशिककरांना जितकी माहीत असायला हवी तितकी नाही.

५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळच्या बेलतगव्हाण शिवारात, पेरूच्या बागेतल्या एका झोपडीवर दरोडा पडला. पाच जणांचे जीव गेले. त्यात एका कोवळ्या मुलीवर अत्याचारही झाला. आई आणि एक मुलगा तेवढे जखमी होऊन वाचले. जिल्हा हादरला आणि पोलिसांवर दडपण आलं. पुढे सहा माणसं पकडली गेली. सगळी भटक्या जमातीतली, मजुरी करून खाणारी. २००६ साली नाशिकच्या सेशन कोर्टाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये मुंबई हायकोर्टाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांची जन्मठेपेवर आणली. सरकार त्याविरुद्ध दिल्लीला गेलं. ३० एप्रिल २००९ रोजी सुप्रीम कोर्टाने आरोपींची अपिलं फेटाळली, सरकारचं अपील मान्य केलं आणि ज्यांची फाशी टळली होती त्या तिघांनाही पुन्हा फाशी दिली. म्हणजे अपील करायला गेलेल्यांची शिक्षा कमी व्हायच्या ऐवजी वाढली. पुनर्विचार याचिकाही २०१० मध्ये फेटाळल्या गेल्या.

आता सांगा, या सहा घरांनी पिशवी माळ्यावर टाकली असती तर त्यांना कोण काय म्हणालं असतं? देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाने दोनदा नाही म्हटलं होतं.

पण त्याच सुमारास एक गोष्ट घडली. मे २००९ मध्ये, म्हणजे या निकालानंतर दोनच आठवड्यांनी, सुप्रीम कोर्टाच्याच दुसऱ्या खंडपीठाने बरियार प्रकरणात लिहिलं की राजस्थानच्या १९९६ सालच्या रावजी निकालाचा आधार घेऊन फाशी देणं चुकीचं आहे. त्या जुन्या निकालात फक्त गुन्हा बघा, गुन्हेगाराची परिस्थिती बघू नका, असं म्हटलेलं होतं. १९८० च्या बच्चन सिंग निकालाने दोन्ही बघायला सांगितलं आहे. बेलतगव्हाणचा निकालही याच रावजी निकालावर उभा होता. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रं लिहून अशा चुकीच्या पायावर फाशी झालेल्या तेरा माणसांची शिक्षा बदलावी अशी विनंती केली. त्या तेरांत हे सहा होते. सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अठराच्या आतला होता, हेही नंतरच्या चौकशीत निघालं. अल्पवयीन मुलाला फाशी सुनावली गेली होती आणि इतकी वर्षं ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मग सप्टेंबर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ठरवलं की फाशीच्या प्रकरणातली पुनर्विचार याचिका खुल्या कोर्टात, वकिलाचं म्हणणं ऐकून निकाली काढायची. ज्यांच्या याचिका आधीच फेटाळल्या होत्या त्यांनाही ती संधी पुन्हा दिली. त्या वाटेने हे प्रकरण परत उघडलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये कोर्टाने स्वतःचाच २००९ चा निकाल मागे घेतला आणि अपिलं नव्याने ऐकायला घेतली. ५ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती सिक्री, न्यायमूर्ती अब्दुल नझीर आणि न्यायमूर्ती शाह यांनी सहाही जणांना निर्दोष सोडलं. शिक्षा कमी केली, असं नाही, निर्दोषच ठरवलं. प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत असा आदेश सरकारला दिला आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं.

सगळ्यात जास्त जिव्हारी लागते ती एक बाब. वाचलेल्या आईने घटनेनंतर लगेच, पोलिसांनी दाखवलेल्या फोटोंमधून चार वेगळीच माणसं ओळखली होती. त्या चौघांचं पुढे काय झालं, त्यांच्यावर खटला का चालवला नाही, याचं उत्तर सरकारपाशी नव्हतं. हा पुरावा २००६ मध्येही होता, २००७ मध्येही होता, २००९ मध्येही होता. तो नव्याने सापडला असं नाही. फाइलमध्येच होता. कुणीतरी ती फाइल पहिल्या पानापासून पुन्हा वाचेपर्यंत सोळा वर्षं गेली. निकाल ज्याला वाचायचा असेल त्याने अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने शोधावा. सुप्रीम कोर्टाचे निकाल फुकट वाचायला मिळतात.

ही हकिगत सांगून मी कुणाला खोटी आशा लावत नाही. तुमच्या माणसाच्या बाबतीत असंच होईल असं कुणीही सांगू शकत नाही आणि जो छातीठोक सांगेल त्याच्यापासून चार हात लांब राहा. कित्येक नकार योग्यच असतात. पण नकार योग्य आहे की नाही हे कळण्यासाठी तो वाचावा लागतो. तेवढं तरी घराने केलंच पाहिजे.

तर कामाला कुठून लागायचं? आधी निकालाची नक्कल. शिक्षा झालेल्या माणसाला निकालाची प्रत फुकट आणि ताबडतोब द्यायची हा कायदा आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३६३ होतं, आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४०४ आहे. १९७८ साली महाराष्ट्रातल्याच होस्कोट प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी याही पुढे जाऊन सांगितलं की प्रत तुरुंगात पोचवून भागत नाही, ती कैद्याच्या हातात पडली याची लेखी पोच हवी. त्या माणसाचं अपील चार वर्षं उशिराने दाखल झालं होतं आणि आपल्याला प्रत मिळालीच नाही असं त्याचं म्हणणं होतं. तेव्हा सेशन कोर्टाचा निकाल, हायकोर्टाचा निकाल आणि दिल्लीला गेलं असेल तर तिथला आदेश, या तिन्हींच्या सही-शिक्क्याच्या प्रती मिळवा. जुना वकील देत नसेल तर त्याच्याशी भांडत बसू नका, कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करा. प्रती मिळाल्या की झेरॉक्स काढून एक संच घरी, एक आत आणि एक नव्या वकिलाला.

नंतर बघायचं ते हे, की नाही म्हटलं कुणी. कारण त्यावर पुढची वाट ठरते आणि इथंच बहुतेक घरांची गल्लत होते.

हायकोर्टाने अपील फेटाळलं असेल तर पुन्हा त्याच हायकोर्टात जाऊन ‘साहेब, परत बघा’ म्हणता येत नाही. फौजदारी निकालावर एकदा सही झाली की लेखनातली चूक सोडून त्याच कोर्टाला तो बदलता येत नाही. तिथून सरळ सुप्रीम कोर्ट. त्यासाठी नव्वद दिवसांची मुदत आहे. मुदत गेली म्हणून घाबरू नका. तुरुंगातल्या माणसाला उशीर का झाला ते खरं खरं लिहून विलंब माफीचा अर्ज करता येतो आणि गरिबी, अज्ञान, प्रत न मिळणं ही कारणं कोर्टं समजून घेतात. मात्र कारण खरं हवं. एका अर्जात आजारपण आणि दुसऱ्यात पूर, असा गोंधळ घालू नका. वकील लावायला पैसे नसतील तर कैदी स्वतःच तुरुंग अधीक्षकांमार्फत अपील पाठवू शकतो. ते पुढे पोचवणं तुरुंगाचं काम आहे.

सुप्रीम कोर्टानेच फेटाळलं असेल तर तीस दिवसांत पुनर्विचार याचिका आणि तीही गेली तर क्युरेटिव्ह याचिका. ही शेवटची वाट फार अरुंद आहे. ज्येष्ठ वकिलाचं प्रमाणपत्र लागतं. पुनर्विचारात तोच खटला परत पहिल्यापासून चालत नाही, निकालाच्या तोंडावर दिसणारी चूक दाखवावी लागते. ‘आम्ही गरीब आहोत’ हा त्यातला मुद्दा होऊ शकत नाही. ‘साक्षीदाराने दुसऱ्याला ओळखलं होतं आणि ते निकालात विचारातच घेतलं नाही’ हा होऊ शकतो.

आणि सेशन कोर्टाच्या शिक्षेवर हायकोर्टातलं अपील अजून पडूनच असेल, तर? असे पुष्कळ आहेत. कित्येकांना वाटतं की अपील टाकलं म्हणजे तारीख आपोआप येईल. तसं होत नाही. अपील लवकर ऐकावं असा अर्ज करा आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा स्थगित करून जामीन मिळावा म्हणून अर्ज करा. एकदा फेटाळला गेला असला तरी आणखी दोन-चार वर्षं आत गेल्यावर तोच अर्ज नव्या परिस्थितीत करता येतो.

आता मुदतपूर्व सुटका. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, हे आपल्याकडे इतकं मुरलंय की शिकलेली माणसंही तेच सांगतात. तसं नाही. जन्मठेप म्हणजे आयुष्यभर. खुनासारख्या, फाशीचीही तरतूद असलेल्या गुन्ह्यात चौदा वर्षं प्रत्यक्ष आत काढल्याशिवाय सरकारला सोडताच येत नाही, एवढाच त्या चौदाचा अर्थ. त्या चौदात कच्च्या कैदेतले दिवस धरले जातात. शिक्षेत मिळालेल्या माफीचे दिवस धरले जात नाहीत. अभिवचन रजेवर, म्हणजे पॅरोलवर बाहेर काढलेले दिवसही धरायचे नाहीत, हे गोव्यातल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं. घरोघरी बोटांवर चाललेले हिशेब चुकतात ते इथं.

चौदा भरल्यावर सोडायचं की किती वर्षांनी सोडायचं, हे शासनाच्या नियमावलीतल्या वर्गवारीवर ठरतं. ११ मे १९९२ ची एक नियमावली आहे, १५ मार्च २०१० ची एक आहे. खून कसा झाला, कशासाठी झाला, अचानक रागात की कट करून, क्रौर्य किती, आधीचा गुन्हा आहे का, यावरून प्रवर्ग पडतो आणि त्या प्रवर्गापुढे बावीस, चोवीस, सव्वीस अशी वर्षं असतात, माफी धरून. म्हणून तुमच्या घरी आलेला नकार पुष्कळदा नकार नसतोच. तो कागद समोर ठेवा. वर गृह विभाग, जावक क्रमांक, तारीख. खाली संदर्भांची रांग, त्यात तुरुंगाचं पत्र, पोलिसांचा अहवाल, जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा अभिप्राय, शिक्षा देणाऱ्या कोर्टाचं मत. मग मजकूर. आणि शेवटी एक ओळ, की बंद्यास अमुक प्रवर्गात वर्ग करून, माफीसह इतकी वर्षं पूर्ण झाल्यावर मुक्त करावं. ती ओळ म्हणजे सगळं. तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मारा.

मग निकालाची नक्कल उघडा आणि ताडून बघा. निकालात कोर्टाने भांडणाच्या भरात झालेला खून म्हटलंय आणि पत्रात पूर्वनियोजित कटाचा प्रवर्ग लावलाय का? सहआरोपीला, त्याच खटल्यात, त्याच कलमाखाली, खालचा प्रवर्ग देऊन सोडलंय का? शिक्षा २०१० च्या आधीची आहे आणि लावलेत नंतरचे जास्त कडक नियम, असं तर नाही? हरियाणाच्या जगदीश प्रकरणात २०१० सालीच सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की शिक्षा झाली त्या दिवशीचं धोरण लागू होतं आणि नंतरचं धोरण जास्त उदार असेल तर त्याचा फायदा कैद्याला मिळतो. यातली एक जरी गफलत सापडली तर हायकोर्टात फौजदारी रिट याचिका करण्यासारखं प्रकरण आहे. नाशिक जिल्ह्यासाठी ते मुंबईला. असे वर्गवारीचे वाद मुंबई हायकोर्टात नेहमी येतात आणि प्रवर्ग बदलून मिळालेली माणसं घरी गेली आहेत.

पत्रात कारणच नसेल, ‘पोलिसांचा अभिप्राय प्रतिकूल’ एवढंच असेल, तर तोही मुद्दा आहे. छत्तीसगडच्या राम चंदर प्रकरणात एप्रिल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की शिक्षा देणाऱ्या कोर्टाचं मत कारणांसकट हवं, छापील नकार चालणार नाही. आणि १८ फेब्रुवारी २०२५ च्या आदेशात तर स्पष्टच सांगितलं की जिथं धोरण आहे तिथं पात्र झालेल्या कैद्याचा विचार त्याने अर्ज केला नसला तरी सरकारने करायचा, आदेशात थोडक्यात कारणं द्यायची, तो आदेश कैद्याला कळवायचा आणि त्याविरुद्ध दाद मागता येते हेही त्याला सांगायचं. हा आदेश माहीत असलेलं घर तुरुंगाच्या कार्यालयात आत्मविश्वासाने विचारू शकतं.

अधिकाऱ्यांनी काय बघायचं असतं तेही ठरलेलं आहे. लक्ष्मण नास्कर निकालापासून, म्हणजे २००० सालापासून, पाच प्रश्न आहेत. गुन्ह्याने सगळ्या समाजाला धक्का बसला की तो व्यक्तिगत होता, पुन्हा गुन्हा घडण्याची शक्यता किती, गुन्हा करण्याची ताकद आता उरली आहे का, आणखी आत ठेवण्यात काही अर्थ आहे का, घरची परिस्थिती काय. या प्रश्नांची उत्तरं कागदांनी द्यायची असतात. आत शिकला असेल तर प्रमाणपत्र, सुतारकामात, शिवणकामात, गणपती बनवण्यात काम केलं असेल तर त्याची नोंद, रजेवरून दर वेळी वेळेवर हजर झाला असेल तर ती नोंद. रजेवरून एक दिवस उशिरा परतणं हे फार महागात पडतं. घरी लग्न असो, म्हातारी अंथरुणावर असो, मुदत वाढवून घ्या पण परस्पर थांबू नका. आयांनो, बहिणींनो, तुम्हीच त्याला गाडीत बसवून द्या.

एक वेगळी अडचण काहींच्या निकालात असते. ‘तीस वर्षं कोणतीही माफी न देता’ किंवा ‘नैसर्गिक मृत्यूपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. मग सरकारची वर्गवारी लागत नाही. पण खुनाच्या शिक्षेत अशी अट घालण्याचा अधिकार फक्त हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाला आहे, हे २०१५ मध्ये श्रीहरन प्रकरणात घटनापीठाने सांगितलं. सेशन कोर्टाने ती घातली असेल आणि कुणी हरकत घेतली नसेल, तर ती हरकत घ्या.

अर्ज चुकीच्या सरकारकडे करू नका, हेही सांगायला हवं. माणूस कुठल्या गावचा आणि गुन्हा कुठं घडला यापेक्षा शिक्षा कुठल्या राज्यातल्या कोर्टाने दिली ते महत्त्वाचं. सुरत, वापीला मजुरीला गेलेला नाशिकचा माणूस तिथल्या कोर्टाने दोषी ठरवला असेल तर त्याचा प्रस्ताव गुजरात सरकारकडे जायला हवा. बिल्कीस बानो प्रकरणात गुन्हा गुजरातमधला असला तरी खटला मुंबईत चालला होता, सुटका गुजरात सरकारने दिली आणि जानेवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली, कारण तो अधिकार महाराष्ट्राचा होता.

आता वयाबद्दल, कारण हा मुद्दा सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो. घटनेच्या दिवशी मुलगा अठराच्या आत होता असं घराला वाटत असेल, तर तो दावा कोणत्याही कोर्टात, कधीही करता येतो. अगदी सगळी अपिलं संपल्यावरसुद्धा. किशोर न्याय कायद्याच्या कलम ९ मध्ये तसं लिहिलेलं आहे. पुण्यातल्या १९९४ च्या राठी हत्याकांडात सात जणांचा खून झाला होता. त्यात फाशी झालेल्या एकाची शिक्षा २००० साली सुप्रीम कोर्टाने कायम केली, पुनर्विचारही फेटाळला. पुढे राजस्थानातल्या शाळेचा दाखला पुढे आला. सुप्रीम कोर्टाने पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी करवली आणि घटनेच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा होता असं निघालं. मार्च २०२३ मध्ये तो सुटला, अठ्ठावीस वर्षं आत काढल्यावर. ज्या वयाला कायद्याने जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता आलं असतं, त्या वयाची किंमत त्याने अशी मोजली. अटकेच्या वेळी कागदावर अंदाजे वय लिहिलं गेलं आणि तेच पुढे चालत राहिलं.

आपल्याकडे पाड्यांवर, भटक्या वस्त्यांवर, वीटभट्ट्यांवर वाढलेल्या पोरांचं वय पोलीस विचारतात आणि बाप सांगतो, ‘असंल वीस-बावीस.’ तेच लिहिलं जातं. म्हणून शोधा. पहिलीत कुठल्या शाळेत नाव घातलं होतं? जिल्हा परिषदेच्या शाळेचं जनरल रजिस्टर जपून ठेवलेलं असतं, त्यातला उतारा मागा. शाळाच नसेल तर ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची जन्मनोंद. दोन्ही नसतील तर कोर्टाच्या आदेशाने हाडांच्या तपासणीवरून वय काढतात. ही क्रमवारी कायद्यातच, कलम ९४ मध्ये दिलेली आहे. खोटा दाखला मात्र चुकूनही करू नका. चौकशीत तो उघडा पडतो आणि खऱ्या मुद्द्यांवरचाही विश्वास जातो.

पैशाचं बोलू. तुरुंगात असलेल्या प्रत्येक माणसाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७, कलम १२. नाशिकचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारातच आहे. मुंबईत हायकोर्टाची विधी सेवा समिती आहे, दिल्लीत सुप्रीम कोर्टाची. तुरुंगाच्या आतही विधी सहाय्य केंद्र असतं. १५१०० हा देशभरचा मदत क्रमांक आहे. मोफत वकील चांगले नसतात ही समजूत सोडा. काही कामचुकार असतील, तसे पैसे घेणारेही असतात. वकिलाला भेटायला जाताना निकालाच्या प्रती, नकाराचं पत्र आणि एका पानावर तारखांची यादी घेऊन जा. अटक कधी, शिक्षा कधी, अपील कधी फेटाळलं, रजा कधी कधी घेतली. तारखांचं ते एक पान असेल तर अर्धं काम झालेलं असतं.

आणि ‘मंत्रालयात माझी ओळख आहे, दोन लाखांत फाइल हलवतो’ म्हणणाऱ्यांना दाराबाहेरच ठेवा. फाइल कुठं आहे हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर कळतं. तुरुंगाने प्रस्ताव कधी पाठवला, पुण्याच्या कारागृह मुख्यालयातून तो कधी पुढे गेला, गृह विभागात कुठल्या तारखेला पोचला, एवढेच तीन प्रश्न विचारा. उत्तर आलं की वकिलाला द्या.

ज्यांच्या घरातलं माणूस मारलं गेलं, त्यांचं काय? हा प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. त्यांना सुटकेला विरोध करायचा, कोर्टात उभं राहायचा पूर्ण हक्क आहे. अत्याचार सोसलेल्या बिल्कीस बानो यांनी तेच केलं. पण बेलतगव्हाणच्या त्या आईकडे बघा. त्या रात्रीच्या पाच खुनांबद्दल सहा चुकीची माणसं सोळा वर्षं आत राहिली. तिने ज्यांना ओळखलं होतं त्यांच्यापर्यंत तपास पोचलाच नाही. तिला कोणता न्याय मिळाला? फाइल नीट वाचली जाणं ही आरोपीच्या घराची जेवढी गरज आहे तेवढीच तिच्या घराचीही होती. आणि ज्याने खरोखर खून केला, ज्याने वीस-बावीस वर्षं भोगली, ज्याचे हात आता थरथरतात, त्याचा नियमाप्रमाणे विचार व्हावा म्हणून अर्ज करण्याने मेलेल्यांचा अपमान होत नाही. कायद्याने आखलेली ती वाट आहे.

शेवटची विनंती कैद्यांच्या घरांना नाही, गावांना आहे. मुख्याध्यापक असाल आणि कुणी तीस वर्षांपूर्वीच्या दाखल्याचा उतारा मागायला आलं, तर कशाला हवाय म्हणून हेलपाटे मारायला लावू नका, रजिस्टर काढा आणि त्याच दिवशी द्या. ग्रामसेवक असाल तर जन्मनोंदीचं जुनं पुस्तक वाळवीच्या तावडीतून सोडवून वरच्या फळीवर ठेवा. सरपंच असाल आणि पोलीस चौकशीला आले की हा सुटून आला तर गावात राहू द्याल का, तर ऐकीव भीतीवर नाही म्हणू नका. मारल्या गेलेल्याच्या घरी जाऊन विचारा, याच्या घरी जाऊन बघा आणि मग जे खरं वाटेल ते सांगा, कारण तुमचा तो जबाब त्या पत्राच्या संदर्भांच्या रांगेत जाऊन बसणार आहे.